चर्चा: वाणिज्य-कला शाखेला अभियांत्रिकी शिकवताना गणित वगळावे का?

वायरमन (धागाकर्ता): नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदवीच्या विद्यार्थ्यांना आपल्या शाखेबाहेरचा खुला ऐच्छिक विषय घ्यावा लागतो. त्यानिमित्ताने विद्युत अभियांत्रिकीचा मी प्राध्यापक गेले सत्रभर वाणिज्यच्या वर्गावर शिकवत होतो आणि माझे मत असे झाले आहे की, या मुलांपुढे आरंभीच सूत्रे मांडणे म्हणजे त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवणे होय. आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती ओळखून वीज तोडणारा सुरक्षा-स्विच, मी त्यांना रोजमेळाच्या भाषेत शिकवला: फेजने (वीज आणणाऱ्या तारेने) जितका प्रवाह आला तितकाच न्यूट्रलने (परतीच्या तारेने) परत गेला पाहिजे; साधारण ३० मिलिअँपिअरची तफावत आली, की तेवढा प्रवाह कोणाच्या तरी शरीरातून जमिनीत जात असावा असे समजून पुरवठा तोडायचा. सूत्र एकही नाही, तरी वर्ग अर्धा तास प्रश्न विचारत होता.

ताळेबंद: सर, उपमा सुंदर आहे आणि म्हणूनच मला तिची धास्ती वाटते. मी हिशेबतपासणी शिकवते. तेरीज (खात्यांच्या नावे-जमा शिलकांची जुळणी) जुळली म्हणजे व्यवहार चोख, असे आमच्याकडेही कोणी मानत नाही. कोरड्या लाकडी स्टुलावर उभ्या माणसाने एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरली, तर जमाखर्च तंतोतंत जुळेल आणि आरसीसीबी गप्प राहील. शरीराचा रोध अंदाजे १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहील, जो जीव घ्यायला पुरेसा असला तरी १६ अँपिअरच्या एमसीबीच्या (जादा प्रवाह झाल्यावर वीज तोडणाऱ्या स्विचच्या) खिजगणतीतही नसेल. हे कळायला एक भागाकार लागतो. तो वगळलात, तर मुले खोट्या भरवशावर घरी जातील.

पोफळी: मला दोघांचेही उदाहरण घराच्या भिंतीआतले वाटते. मी भूगोल शिकवतो. कोयना धरणाचे पाणी विजेसाठी पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या कड्याखाली वळवावे की नाही, यावर आमची मुले तावातावाने बोलतात. पण सेकंदाला एक घनमीटर पाणी १०० मीटर खाली आले, तर घट वगळता सुमारे ९८० किलोवॅट मिळतात, हा साधा गुणाकार केल्यावर सह्याद्रीच्या कड्याची किंमत त्यांना पहिल्यांदा कळली.

वायरमन: भागाकार मान्य, स्टुलावरचा माणूस माझ्याकडून खरोखरच निसटला होता. मात्र क्रमाबाबत मी ठाम आहे: उपकरण आधी, आकडा नंतर. कोयनेचा गुणाकार घेईन, पण वाणिज्यच्या वर्गात तो वीजबिलातील युनिटनंतरच येईल.

ताळेबंद: क्रम तुमचा राहू द्या. परीक्षेत तेवढा तो स्टूल विचारा.