शिक्षक संघटनेचा मेळावा नागरी हक्क आणि लोकसंघटनावर घ्यायचाय, पालकांना कसं जोडायचं?

तांड्यावरच्या_बाई

नमस्कार सगळ्यांना. मी बीड जिल्ह्यात एका तांड्यावरच्या द्विशिक्षकी झेडपी शाळेवर आहे, पट १७. आमच्या तालुक्याची संघटना दरवर्षी मेळावा घेते, त्यात सत्कार, मग पेन्शन, बदल्या, पतसंस्था यावर भाषणं, मग जेवण. यंदा आम्ही काही जणींनी कार्यकारिणीत विषय लावून धरला की एक अख्खा दिवस नागरी हक्क आणि लोकसंघटन यावर ठेवू आणि पालकांनाही बोलवू, आणि ते मंजूर झालं!! आता करायचं काय हा प्रश्न आहे.

हे का सुचलं ते सांगते. सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांचं (म्हणजे छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करायचं) सरकारी पत्र निघालं ते आठवत असेल, वीसच्या आत पट असलेल्या १४,७८३ शाळा आणि त्यातली साधारण १ लाख ८५ हजार मुलं असा आकडा तेव्हा आला होता, पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांची उदाहरणं देऊन प्रस्ताव मागवले होते. संघटनेने निवेदन दिलं, फोटो काढले, बातमी आली. पण ज्यांची शाळा जाणार त्या तांड्यावर कुणी गेलंच नाही हो. आमच्याकडे दसऱ्यानंतर निम्मी घरं ऊसतोडीला जातात, पोरं आजीआजोबांकडे नाहीतर तिकडे कोप्यावर म्हणजे तोडीच्या झोपडीत, ज्या शाळेसाठी आपण भांडतोय म्हणतो तिच्या पालकांना त्या पत्राचा पत्ताच नव्हता.

तर विचारायचं असं की पालक नुसते समोर बसून टाळ्या वाजवणार नाहीत असा दिवस कसा आखायचा? आणि काही सर म्हणतायत की हे संघटनेचं कामच नाही, त्यांना काय सांगू? अमेरिकेत शिक्षक संघटना अशा परिषदा घेतात असं ऐकलंय, कुणाला जवळून माहीत असेल तर प्लीज लिहा.

जुना_गुरुजी

मॅडम, उत्साहाचं कौतुक आहे, पण स्पष्ट बोलतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेली आपली पोरं जुन्या पेन्शनसाठी अजून झगडतायत, १५ मार्च २०२४च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं ठरवायच्या) जीआरने छोट्या शाळांची पदं जायची वेळ आलीय, बीएलओची म्हणजे मतदार यादीची कामं डोक्यावर, अॅपवर रोज नवीन माहिती भरा. संघटना वर्गणी घेते ती सभासदांच्या प्रश्नांसाठी. सगळं जग सुधारायला गेलो तर आपलं ताट कोण वाढणार. शिवाय १९६७चे जिल्हा परिषद वर्तणूक नियम आहेत, उद्या कुणी पालक स्टेजवरून कुठल्या पक्षाचं बोलला तर नोटीस तुम्हाला येईल, त्याला नाही. काळजीपोटी लिहितोय, राग मानू नका.

लेकसाइड_मराठी

ताई, मी शिकागोत राहतो, माझी दोन्ही मुलं इथल्या सरकारी शाळेत शिकली त्यामुळे हे घरातून बघितलंय. इथे अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स म्हणून जी मोठी संघटना आहे ती नागरी, मानवी आणि स्त्री हक्कांवर वेगळी परिषदच भरवते, पण परिषदेपेक्षा शिकागो टीचर्स युनियनने शहरात जे केलं ते तुमच्या जास्त उपयोगाचं आहे म्हणून तेच लिहितो.

२००८च्या सुमारास इथे शाळा बंद करायचं सत्र चालू होतं, बहुतेक काळ्या वस्त्यांमधल्या. युनियनमधल्याच काही शिक्षकांनी एक गट केला आणि ते बंद होणाऱ्या शाळांच्या सुनावण्यांना जायला लागले, पालकांच्या शेजारी बसायला लागले. तेव्हा त्यांच्याकडे पद नव्हतं. २०१०मध्ये तोच गट युनियनची निवडणूक जिंकला आणि कॅरन लुइस अध्यक्ष झाल्या, केमिस्ट्रीच्या शिक्षिका. फेब्रुवारी २०१२मध्ये त्यांनी मुलांना कशी शाळा मिळायला हवी यावर अहवाल काढला, त्यात वर्गातली मुलांची संख्या, लायब्ररी, नर्स, चित्रकला-संगीत, समुपदेशक हे सगळं होतं आणि कुठल्या वस्तीला यातलं काय मिळत नाही तेही उघड लिहिलं होतं.

आता गंमत बघा, इलिनॉयच्या कायद्याने त्यांना संप मुख्यतः पगार आणि त्यासारख्या मोजक्याच गोष्टींवर करता येत होता. वरून २०११मध्ये अट घातली की संपाला एकूण सभासदांपैकी ७५ टक्के मतं हवीत. तसं होणारच नाही अशी वरच्यांची समजूत होती. जवळजवळ ९० टक्के पडली! १० सप्टेंबर २०१२ला पंचवीस वर्षांनी पहिला संप झाला, शाळेचे सात दिवस गेले, लाल टीशर्टवाल्यांनी शहर भरून गेलं होतं. आम्हाला मुलांना सांभाळायची पंचाईत झाली पण आमच्या गल्लीतले बहुतेक पालक शिक्षकांच्या बाजूने होते, कारण आधीची दोन वर्षं ते लोक आमच्या मीटिंगला येत होते. नर्स शाळेत आठवड्यातून एकदाच येते हा आमचा प्रश्न त्यांनी त्यांचा म्हणून मांडला होता.

आणि खरं ते सांगायला हवं, पुढच्याच वर्षी म्हणजे २०१३ला शहराने जवळपास ५० शाळा एका झटक्यात बंद केल्या, मोर्चे निघाले तरी केल्या. संघटना बांधली की लगेच जिंकतो असं नाही. पण तीच माणसं टिकली, आणि २०१९मध्ये ११ दिवसांचा संप झाला तेव्हा प्रत्येक शाळेत नर्स आणि समाजसेवक हे करारात लेखी आलं.

गुरुजी, तुमचं ताट रिकामं राहील असं नका समजू. इथे पगारवाढही मिळाली, पालक बरोबर होते म्हणूनच मिळाली.

वाचनवेडी

वर शिकागोचं आलं म्हणून थोडं मागचं लिहिते, मी बीएडला शिकवते आणि हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

सेप्टिमा क्लार्क हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनच्या काळ्या शिक्षिका, जन्म १८९८. गोऱ्या आणि काळ्या शिक्षकांना एकाच कामाला वेगळा पगार मिळायचा, त्याविरुद्धच्या लढ्यात त्या होत्या. १९५६मध्ये राज्याने कायदा केला की सरकारी नोकराला एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचं सभासद राहता येणार नाही. यांनी सभासदत्व सोडलं नाही. जवळपास चाळीस वर्षांची नोकरी गेली, पेन्शनही गेली. (जुनी पेन्शन म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको, ती त्यांना परत मिळायला १९७६ उजाडलं.)

पण मला त्यांचं पुढचं काम जास्त मोठं वाटतं. तेव्हा मत द्यायला नाव नोंदवायचं तर वाचता येतं का याची परीक्षा द्यावी लागे, संविधानाचा उतारा वाचून दाखवायचा, आणि काळ्या लोकांना बाहेर ठेवायला ती सर्रास वापरली जायची. चार्ल्स्टनजवळ जॉन्स आयलंड नावाचं बेट आहे, तिथे ईसो जेंकिन्स म्हणून गृहस्थ बेटावरच्या मजुरांना बसने शहरात कामाला न्यायचे आणि जाता जाता बसमध्येच तो उतारा शिकवायचे. १९५७च्या जानेवारीत तिथे पहिला प्रौढांचा वर्ग सुरू झाला, सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत, म्हणजे समोर दुकान चालू आणि मागे वर्ग, गोऱ्यांना संशय येऊ नये म्हणून. शिकवायला मुद्दाम व्यवसायाने शिक्षक नसलेली बाई घेतली, बर्निस रॉबिन्सन, केस करून द्यायचं काम करायच्या. त्यांनी पहिल्या दिवशी लोकांनाच विचारलं की तुम्हाला काय शिकायचंय. कुणाला स्वतःचं नाव लिहायचं होतं, कुणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता, कुणाला बायबल वाचायचं होतं. त्यातूनच पुढे मतदार नोंदणी. हेच वर्ग दक्षिणेतल्या राज्याराज्यांत पसरले आणि हजारो लोक मतदार झाले.

ताई, तुमच्या दिवसाची सुरुवात याच प्रश्नाने करा असं मला मनापासून वाटतं. भाषण नकोच. तुम्हाला काय हवंय, एवढंच विचारा आणि लिहून घ्या.

आणि एक उलटं उदाहरणही संघटनेपुढे ठेवा. १९६८, न्यूयॉर्क, ओशन हिल-ब्राउन्सव्हिल. काळ्या वस्तीतल्या पालकांच्या मंडळाला शाळा चालवायचे थोडे अधिकार मिळाले होते, त्या मंडळाने काही शिक्षकांना तिथून हलवलं, युनियन म्हणाली आमच्या माणसांना नोटीस न देता असं हलवता येणार नाही, आणि शहरभर संप झाले, शाळा कित्येक आठवडे बंद. युनियनचे नेते अल्बर्ट शँकर, हा माणूस सेल्माला नागरी हक्कांच्या मोर्चात चाललेला! म्हणजे मनात खोट नव्हती. सेवासंरक्षणाचा त्यांचा मुद्दाही बिनबुडाचा नव्हता. तरी काळे पालक आणि शिक्षक यांच्यात जी फूट पडली ती कित्येक वर्षं भरून आली नाही. दुसऱ्यांच्या हक्कासाठी लांबवर जाऊन चालणं आणि आपल्याच शाळेत पालकांना निर्णयात जागा देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी फार अवघड आहे. आपल्याकडे एसएमसीचं म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीचं जे होतं ते बघा, कायद्याने ७५ टक्के पालक, निम्म्या महिला, शाळा विकास आराखडा त्यांनी करायचा. प्रत्यक्षात किती ठिकाणी प्रोसिडिंग बुक घरी पाठवून सह्या घेतो आपण?

मावळचा_पालक

मी शिक्षक नाही, एसएमसीचा अध्यक्ष होतो आमच्या वाडीच्या शाळेत. वरचं सगळं वाचलं, चांगलं वाटलं. पण सर मॅडम लोकांनो एक सांगू का, मार्च २०२३ला तुम्ही आठवडाभर संपावर होता तेव्हा आमच्या वाडीत लोक काय बोलत होते माहितीये, यांना एवढा पगार तरी यांना अजून पाहिजे, आणि मी तुमच्या बाजूने बोलायला गेलो तर मला पेन्शनचा विषय नीट सांगताच येईना कारण मला कुणी समजावलाच नव्हता, गुरुजी रोज पोरांना शिकवत होते चांगले माणूस होते पण संपाला जाताना पालकांशी चार शब्द बोलून जावं असं कुणाला सुचलं नाही.

आम्हाला बोलवायचं तर आदल्या आठवड्यात पत्रिका पाठवून नका बोलवू. आधी घरी या. विषय आमचे पण घ्या, पोराचं आधार आणि जन्मदाखल्यावर नाव वेगळं म्हणून ते पोरगं पटात धरलं जात नाही, ते दुरुस्त करायला आम्ही दोन रोजगार बुडवून तालुक्याला जातो आणि मशीन बंद असतं. त्याच पटावर तुमचं पद ठरतं ना? मग हा प्रश्न तुमचा का आमचा? जातीचा दाखला आहे, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की पोरं चार चार दिवस घरी, साकव होत नाही. हे घ्या मग बघा आम्ही येतो की नाही. आणि रविवारी नका ठेवू आमच्याकडे बाजार असतो.

जुना_गुरुजी

दादा, आधारचा मुद्दा पटला. ती गोष्ट मी फक्त आमच्या डोक्याला ताप म्हणून बघत होतो. पेन्शनबद्दल पालकांशी बोलायला हवं होतं हेही बरोबर आहे तुमचं. तरी माझं म्हणणं आहे की मेळाव्यात कंत्राटी शिक्षकांचा विषय यायलाच हवा, सप्टेंबर २०२४ला कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी नेमायचं निघालं तेव्हा त्याचा फटका पालकांनाच बसणार होता, दर वर्षी नवीन माणूस आला तर पोराला कोण ओळखणार. हा आपला आणि त्यांचा दोघांचाही विषय आहे, तो पगारवाढीसारखा मांडू नका, नीट मांडा.

तांड्यावरच्या_बाई

खूप खूप आभार सगळ्यांचे, रात्री कार्यकारिणीच्या ग्रुपवर हे सगळं टाकलं. आता असं चाललंय डोक्यात. मेळावा दसऱ्याच्या आधीच घ्यायचा, नाहीतर तोडीला जाणारी माणसं सुटतील आणि त्यांच्याशिवाय आमच्याकडे हा विषय होऊच शकत नाही. त्याआधी प्रत्येक शाळेच्या शिक्षकाने निदान पाच घरी जायचं, शिकवायला नाही, ऐकायला, आणि जे निघेल ते वहीत त्यांच्याच शब्दांत लिहायचं. सकाळी स्टेज नाही, गोलात बसायचं, शाळेशाळेचे गट. मुकादमांनाही (ऊसतोडीला टोळ्या नेणाऱ्यांना) बोलवावं का यावर आमच्यात वाद चालू आहे, मला वाटतं नको, त्यांच्यासमोर बाया बोलणार नाहीत. दुपारी आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातलं एसएमसी, एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा, आणि तोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह एवढंच, तेही अर्ज प्रत्यक्ष भरून. आधारवाली मशीन त्या दिवशी तिथेच आणायची म्हणून तहसीलला पत्र देतोय.

वर्तणूक नियमांचं काय करावं गुरुजी? तुम्हीच सांगा.

जुना_गुरुजी

पक्षाचे लोक बोलवू नका, ना स्टेजवर ना बॅनरवर. निमंत्रक म्हणून एसएमसीचे अध्यक्ष आणि संघटना असं दोघांचं नाव टाका, विषय आरटीई आणि मुलांचे हक्क असा लिहा, गटशिक्षणाधिकाऱ्यांना आधी लेखी कळवून पोच घ्या. सुट्टीच्या दिवशी ठेवा म्हणजे रजेचा प्रश्न येणार नाही. आणि मागण्यांचा कागद संघटनेच्या लेटरहेडवर एकटा देऊ नका मॅडम, प्रत्येक गावच्या ग्रामसभेत ठराव म्हणून मांडायला लावा पालकांना, सूचक-अनुमोदक त्यांचेच. ग्रामसभेचा ठराव कचऱ्यात टाकायला साहेबांना जरा विचार करावा लागतो. नमुना ठराव माझ्याकडे आहे, उद्या टाइप करून इथे टाकतो.

मावळचा_पालक

गुरुजी नमुना टाका नक्की, आमच्या साकवासाठी पण वापरतो.