फॅन्टसी बेसबॉल : पिचर निवडताना ईआरए पाहावा की स्ट्राइकआउट?

हडसनकाठ :
फॅन्टसी बेसबॉलमध्ये आपण खऱ्या खेळाडूंवर बोली लावून कागदावरचा संघ बनवतो आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवर गुण मिळवतो. आमच्या लीगमध्ये भारतातून न्यू जर्सीत आलेले बरेच जण आहेत आणि क्रिकेटवर वाढल्यामुळे आम्ही पिचरकडेही (चेंडू टाकणाऱ्याकडेही) गोलंदाजाची सरासरी पाहावी तसेच पाहतो. म्हणजे गेल्या हंगामातला ईआरए आणि जिंकलेले सामने पाहून बोली लावतो. ही सवय सोडावी, असे माझे ठाम मत आहे.

ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगांमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा, आणि व्हिप म्हणजे दर इनिंगमागे त्याने दिलेले वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस) व हिट (चेंडू मारून फलंदाजाने सुरक्षित बेस गाठणे). दोन्ही आकडे घडून गेलेले अचूक सांगतात, परंतु चेंडू बॅटला लागून मैदानात गेला की पुढचे बरेचसे क्षेत्ररक्षकांच्या आणि नशिबाच्या हाती असते. बेसबॉलच्या आकड्यांचे विश्लेषक व्होरोस मॅक्रॅकन यांनी २००१ मध्ये हेच मांडले, आणि त्या विचारातून पुढे क्षेत्ररक्षण वगळून पिचरला मोजणारे फिप हे माप आले, ज्यात फक्त होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका), वॉक, फलंदाजाला लागलेले चेंडू आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद होणे) मोजले जातात. विजयांचा आकडा तर याहून फसवा आहे. न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमने २०१७ मध्ये ३.५३ ईआरएवर १५ सामने जिंकले. पुढच्याच वर्षी त्याचा ईआरए १.७० इतका खाली आला, त्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, आणि विजय मात्र १०च. पिचिंग सुधारले आणि विजय घटले, कारण त्याच्या संघाने त्याच्यासाठी धावाच केल्या नाहीत. म्हणून स्ट्राइकआउटच्या टक्केवारीतून वॉकची टक्केवारी वजा करावी आणि त्या क्रमाने यादी लावावी.

पश्चिमवारा :
हडसनकाठ यांचे विवेचन वाचले, पण निष्कर्ष मला पटत नाही. मॅक्रॅकन यांचा सिद्धान्त सरासरी पिचरला लागू पडतो. आपण मात्र सरासरी विकत घेत नाही, एक विशिष्ट माणूस घेतो. फ्लोरिडा मार्लिन्सच्या रिकी नोलास्कोने २००९ मध्ये १८५ इनिंगांत १९५ स्ट्राइकआउट घेतले आणि केवळ ४४ वॉक दिले, तरी त्याचा ईआरए ५.०६ होता. आपल्या यादीत तो अगदी वर बसला असता. त्या वेळी अनेकांनी त्याला दुर्दैवी ठरवून पुढच्या हंगामासाठी उत्साहाने घेतले. त्यानंतरच्या तीन वर्षांत त्याचा ईआरए ४.५१, ४.६७ आणि ४.४८ राहिला. उलट सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या मॅट केनचा ईआरए २००९ मध्ये २.८९ होता, पण फिपच्या हिशेबाने तो त्याहून जवळजवळ एक धाव अधिक देणारा पिचर होता. त्याला नशीबवान म्हणून सोडून देणाऱ्यांनी ३.१४, २.८८ आणि २.७९ ईआरएचे पुढचे सलग तीन हंगाम गमावले. इतकी वर्षे टिकते त्याला नशीब म्हणणे मला मान्य नाही.

दुसरे असे की क्षेत्ररक्षण आणि मैदान हे गोंगाट म्हणून बाजूला सारण्याचे विषय नाहीत. डेन्व्हरचे कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत चेंडू दूर जातो आणि वळतोही कमी. पिचर तिथे खेळणार असेल, तर त्याच्या नावावर लागणाऱ्या धावा खऱ्या असतात, आणि आपल्या लीगमध्ये गुण त्याच धावांवर मिळतात, फिपवर नव्हे.

गणितवही :
दोघांच्याही लेखनात इनिंगांचे वजन राहून गेले आहे. समजा, आपल्या संघाने हंगामात १,२०० इनिंग टाकल्या आणि एरवीचा ईआरए ३.६० आहे. त्यात ६० इनिंगांचा, १.५० ईआरएचा रिलीव्हर (सामन्याच्या मध्यात किंवा शेवटी येणारा पिचर) घेतला तर संघाचा आकडा सुमारे ३.५० होतो, १८० इनिंगांचा, ३.०० ईआरएचा स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) घेतला तर ३.५१. म्हणजे ईआरएपुरते दोघे जवळपास सारखेच. मात्र स्टार्टर तिप्पट इनिंगांत कितीतरी अधिक स्ट्राइकआउट देतो, आणि रिलीव्हर सेव्ह (थोडक्या आघाडीचा सामना शेवटी राखल्याची नोंद) देत नसेल तर त्याच्यावर मोठी बोली लावण्याचे कारण उरत नाही. व्हिपलाही हाच हिशेब लागू होतो. व्हिप हे माप १९७९ मध्ये डॅनियल ओक्रेंट यांनी काढले, आणि त्यांनीच पुढच्या वर्षी रॉटिसरी लीग ही फॅन्टसी बेसबॉलची लीग सुरू केली. त्यामुळे ते या खेळात रुजले, यात नवल नाही.

हडसनकाठ :
गणितवही यांचा हिशेब मी करून पाहिला. तो बरोबर आहे, आणि रिलीव्हरविषयीचे माझे मत त्याने बदलले.

पश्चिमवारा यांना मात्र विचारतो : केन आणि नोलास्को ही दोन नावे आज आपल्याला ठळक दिसतात, कारण चार वर्षांचे आकडे आपल्यासमोर आहेत. २०१०च्या मार्चमध्ये केवळ एका हंगामावरून पुढचा केन कोण, हे कसे ओळखले असते? स्ट्राइकआउटचा दर काही आठवड्यांच्या खेळात बराचसा स्थिर होतो. मैदानात पडलेल्या चेंडूंवरचा निकाल पूर्ण हंगामानंतरही डळमळीतच असतो. लहान नमुन्यावर निर्णय घ्यायचा तर लवकर स्थिरावणाऱ्या आकड्याचाच आधार घ्यावा लागतो. मैदानाबद्दलचे आपले म्हणणे मी स्वीकारतो, पण ते यादी लावल्यानंतरची दुरुस्ती आहे, यादीचा पाया नव्हे.

पश्चिमवारा :
नवख्या पिचरसाठी आपली पद्धत मी वापरेन, हे कबूल. परंतु ज्याच्या मागे ६०० किंवा अधिक इनिंग आहेत, त्याच्या ईआरए आणि फिपमधला फरक दर वर्षी एकाच बाजूला झुकत असेल, तर मी ईआरएवरच बोली लावेन. येत्या मार्चमध्ये असे दोन पिचर माझ्या यादीत आहेत. त्यांची नावे निवड होईपर्यंत येथे देत नाही.