नाडियाला नुसती 'हंटरवाली' म्हणून सोडू नका

कुणीतरी लिहिलंय की जुन्या हिंदी स्टंटपटांची नायिका फिअरलेस नाडिया फक्त गोरी कातडी आणि चाबूक यांच्यावर चालली. अजिबात पटलं नाही. १९३५ च्या 'हंटरवाली' सिनेमाआधी पण ती वाडिया मुव्हीटोन या मुंबईच्या फिल्म कंपनीत छोटे रोल करत होती, आणि त्याही आधी सर्कस, बॅले, स्टेज शो सगळं करून झालेलं. मूळ नाव मेरी इव्हान्स, जन्म ऑस्ट्रेलियात पर्थला १९०८ चा, लहानपणीच मुंबईत आली, वडील सैन्यात होते ते पहिल्या महायुद्धात मारले गेले, मग काही वर्षं पेशावरकडे, घोड्यावर बसणं ती तिकडेच शिकली.

'मिस फ्रंटियर मेल' बघा, धावत्या ट्रेनच्या टपावर मारामारी, आणि डमी न घेता स्वतः करते बाई! आणि ते सुद्धा १९३६ मध्ये. 'डायमंड क्वीन'मध्ये तर बायकांच्या स्वातंत्र्यावर सरळ डायलॉग आहेत, तेही तिच्याच तोंडी, मोडक्या हिंदीत, आणि पिटातलं पब्लिक शिट्ट्या मारायचं. आपल्याकडे स्टंटपट म्हटलं की समीक्षक नाक मुरडायचे, म्हणून तिचं नाव सिनेमाच्या इतिहासात उशिरा आलं, याचा मला खरंच राग येतो.

वाडियांचा स्टुडिओ होता परळच्या लवजी कॅसलमध्ये. तीच जागा पुढे व्ही. शांतारामबापूंचा राजकमल स्टुडिओ झाली. तिच्या सिनेमांचे दिग्दर्शक होमी वाडिया यांच्याशी लग्न मात्र थेट १९६१ मध्ये, घरच्यांचा विरोध होता म्हणून इतकी वर्षं थांबले दोघं. १९९६ ला मुंबईतच वारली ती.

कुणी पाहिला नसेल तर 'डायमंड क्वीन'पासून सुरुवात करा.