मदत हवी आहे: व्हायब्राफोनचा एकच सूर थांबवायचा, बाकीचे घुमत ठेवायचे

नमस्कार मंडळी. व्हायब्राफोनसाठी (धातूच्या पट्ट्यांचं, पेडल असलेलं तालवाद्य) म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितेय. पेडल दाबलेलं, म्हणून चार सूर घुमतायत आणि मधूनच एका पट्टीवर मॅलेट (वाजवायची काठी) टेकवून तेवढाच सूर थांबवायचा. कागदावर फारसं अडत नाही: तिथे थांबवायची खूण × आणि बाकीच्यांना पुढे मोकळ्या सोडलेल्या टाय (सूर लांबवणाऱ्या कमानी). पण सॉफ्टवेअरमध्ये वाजवून ऐकताना फसतं. मिडीतलं (वाद्यांना नि सॉफ्टवेअरला वाजवायच्या सूचना देणारी पद्धत) पेडल म्हणजे कंट्रोलर ६४ ही सूचना, आणि ती अख्ख्या चॅनलला, म्हणजे त्या वाद्याच्या सगळ्या सुरांना लागते, एका सुराला नाही.

सध्या दुसऱ्या व्हॉइसमध्ये (त्याच रेषांवरचा वेगळा थर) हव्या तेवढ्या लांबीचे अदृश्य सूर लिहिलेत, दिसणारे मुके केलेत. चालतं, पण अख्ख्या रचनेत हे करायचं म्हणजे जीव जाईल! सुटसुटीत मार्ग आहे का? आणि तालवाद्यवाल्यांनो, तो × सूर थांबतो त्या मात्रेवर त्याच रेषेवर वाचायला बरा, की पाच रेषांच्या वर?