विस्मरण आणि डोळ्यांच्या आजारांसाठी ६ लाख द्यायचे आहेत: संशोधनाला की मदतीला, आणि कसे?

मुलुंडचा_सचिव:
आमचा ज्येष्ठ नागरिक संघ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे, १२ए (संघाच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) दोन्ही आहेत. एका दिवंगत सभासदाच्या कुटुंबाने ६ लाख रुपये दिले. इच्छा अशी, की निम्मे अल्झायमर, मॅक्युलर डीजनरेशन (डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होणं) आणि काचबिंदू यांवरच्या संशोधनाला जावेत आणि निम्मे याच आजारांच्या रुग्णांना मदत म्हणून. कार्यकारिणीत तीन मतं आहेत: मोठं नेत्रशिबिर घ्यावं, अमेरिकेतल्या ब्राइटफोकस फाउंडेशनला पाठवावेत (हे तिन्ही आजार एकाच छत्राखाली घेतात म्हणून), किंवा एखाद्या रुग्णालयाला एकरकमी चेक द्यावा. त्या दिवंगत सभासदांचा मुलगा अमेरिकेत असतो, तो दरवर्षी भर घालायला तयार आहे. व्यवहारात काय जमतं, काय अडतं?

ताळेबंद:
सचिवसाहेब, आधी हिशेबाचं. २०२६ च्या एप्रिलपासून नवा आयकर कायदा आहे, कलमांचे क्रमांक बदललेत. सगळ्यांच्या तोंडी जुनेच आहेत म्हणून तेच वापरतो.

अमेरिकेचा विषय इथेच संपवा. १२ए असलेल्या न्यासाने भारताबाहेर केलेला खर्च करमाफीसाठी धरला जात नाही, त्याला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची खास परवानगी लागते. ६ लाखांसाठी त्या वाटेला कोणी जात नाही.

दुसऱ्या न्यासाला चेक देणार असाल, तर २०२३ च्या वित्त कायद्यानंतर दिलेल्या रकमेच्या ८५ टक्केच 'खर्च' म्हणून मोजली जाते. म्हणजे ६ लाख दिले तर तुमच्या वह्यांत ५ लाख १० हजार. तीच रक्कम संघाने स्वतः उपकरणांवर किंवा रुग्णाच्या बिलावर खर्च केली, तर पूर्ण धरली जाते. आणि देणगीपत्रात 'कॉर्पस' (कायम राखून ठेवायचा निधी) हा शब्द आला तर एक पैसाही धरला जात नाही. रुग्णालयांचे छापील नमुने असतात, त्यात तो शब्द आधीच टाइप केलेला असतो, सही करण्याआधी वाचा.

मुलाचं: पासपोर्ट कुठला, हा एकच प्रश्न विचारा. भारतीय पासपोर्टवाला अनिवासी असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकिंग मार्गाने दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. अमेरिकन नागरिक असेल तर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असूनही ती परकीय देणगी ठरते, आणि एनआरओ खात्यातून (अनिवासींचं भारतातलं खातं) रुपयांत आली तरी ठरते. एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय संघाने ती घेऊ नये. नोंदणी असलेल्या संस्थेला त्याने थेट द्यावी. तिथून तुमच्याकडे वळवता येणार नाही, २०२० पासून ते बंद आहे.

सभासद वैयक्तिक देणग्या देणार असतील तर ८०जीची सवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि २,००० च्या वर रोख दिली तर मिळत नाही. बहुतेक जण आता नव्या प्रणालीत आहेत, तेव्हा सवलतीचं आमिष दाखवून पैसे मागू नका. मार्चनंतर फोन येतात.

भिंग_आणि_प्रकाश:
डोळ्यांच्या बाजूचं लिहितो. शिबिराला माझा विरोध आहे, कारण सांगतो.

शिबिरात हवेच्या फुंकरीने डोळ्याचा दाब मोजतात आणि 'नॉर्मल' लिहून देतात. दाब नॉर्मल असूनही काचबिंदू असणारे पुष्कळ रुग्ण भारतात आहेत. त्यांना ओळखायला ऑप्टिक नर्व्हची (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची) चकती बघावी लागते, शंका आली तर व्हिज्युअल फील्ड (नजरेचा आवाका मोजणारी चाचणी) करावं लागतं. मांडवात फील्ड होत नाही. म्हणजे ज्याला आजार आहे तो 'तपासलंय, काही नाही' म्हणून दोन वर्षं निवांत राहतो, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. चारशे लोकांचं शिबिर घेण्यापेक्षा साठच्या पुढच्या चाळीस जणांना रुग्णालयात पूर्ण तपासणीला नेणं बरं, त्यातही घरात कोणाला काचबिंदू आहे त्यांना आधी.

वेट (पडद्यावर पाणी जमणाऱ्या) प्रकारच्या मॅक्युलर डीजनरेशनमध्ये डोळ्यात इंजेक्शन देतात: रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट किंवा बेव्हॅसिझुमॅब. सुरुवातीला सहसा महिन्याला एक अशी तीन, मग पडदा कोरडा राहिला तर अंतर वाढवत नेतात. देणगीदार नेमका इथे चुकतो. पहिल्या इंजेक्शनचे पैसे देतो, फोटो निघतो, तिसऱ्यानंतर रुग्ण येत नाही, पडद्यावर पुन्हा पाणी जमतं. पहिल्या वर्षात सात-आठ लागतील असं धरा आणि जितक्या रुग्णांचं पूर्ण वर्ष पेलेल तितकेच घ्या. चार म्हणजे चार.

स्वस्त म्हणून बेव्हॅसिझुमॅबची बाटली विकत घेऊन दवाखान्याला देण्याची कल्पना कोणी मांडेल, तर ती तिथेच थांबवा. बाटली ४ मिलीची असते आणि एका डोळ्याला लागतं ०.०५ मिली, म्हणून मोह होतो. पण तीच बाटली दिवसेंदिवस टोचत राहिली की जंतू शिरतात, आणि एका बाटलीमुळे एकाच दिवशी अनेकांचे डोळे जाऊ शकतात. निर्जंतुक कक्षात वेगळ्या सिरिंज भरून देणारी फार्मसी असेल तिथेच ते औषध वापरावं. औषध स्वतः कमी प्रतीचं नाही. २०११ च्या 'कॅट' चाचणीत ते रॅनिबिझुमॅबच्या तोडीचं ठरलं. ती चाचणी अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने सरकारी पैशातून केली होती. स्वस्त औषध महागड्याशी ताडून पाहण्यात कुठल्या कंपनीला रस असणार? संशोधनाला बाहेरचा पैसा का लागतो, हे कार्यकारिणीला सांगायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

खर्च उचलण्याआधी रुग्णाची मेडिक्लेम बघा. डोळ्यातली इंजेक्शनं २०१९ पासून विमा नियामकाच्या आधुनिक उपचारांच्या यादीत आहेत, कंपनीला ती सरसकट नाकारता येत नाहीत. मर्यादा मात्र घालता येते. विमा नसेल तर धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात, पालिका रुग्णालयात 'पुअर बॉक्स' (गरीब रुग्णांसाठीचा मदतनिधी) असतो. दोन्हीकडे वाट समाजसेवा अधिकाऱ्याच्या टेबलावरून जाते. डॉक्टरांना भेटून उपयोग नाही.

मुलुंडचा_सचिव:
शिबिर रद्द. पण भिंगं वाटायची का? एका सभासदाने पन्नास नगांचं कोटेशन आणलंय, सगळी ५एक्स (पाच पट मोठं दाखवणारी).

भिंग_आणि_प्रकाश:
पन्नास एकसारखी घेऊ नका. ५एक्स म्हणजे २० डायॉप्टर (हे भिंगाच्या ताकदीचं माप, त्याला चारने भागलं की एक्स). ते कागदापासून ५ सेंटीमीटरवर धरावं लागतं, काच लहान असते, एका वेळी दोन-तीन शब्द दिसतात. हात थरथरत असेल तर त्या अंतरावर स्थिर राहत नाही. पेपर वाचायला ३एक्स पुरत असेल तर ३एक्सच द्या, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचायला जास्त. पार्किन्सन्स असलेल्याला कागदावर टेकणारं, स्टँडचं, एलईडीवालं. आणि स्टँडचं भिंग जवळचा चष्मा लावूनच वापरायचं असतं. हे न सांगितल्यामुळे 'धूसर दिसतं' म्हणून भिंग कपाटात जातं. लो व्हिजन क्लिनिकमध्ये आधी माणूस बसवा, मग त्याच्या मापाचं घ्या. वरळीला नॅबकडे (अंधांसाठी काम करणारी संस्था) विचारा.

अ‍ॅम्सलरची जाळी मात्र खुशाल वाटा, खर्च झेरॉक्सचा. १० सेंटीमीटरचा चौरस, आत ५ मिलिमीटरचे ४०० चौकोन. छापताना 'फिट टू पेज' बंद ठेवा, नाहीतर माप बिघडतं. मागे मराठीत लिहा: जवळचा चष्मा लावून, ३० सेंटीमीटरवर, एक डोळा झाकून, मधल्या ठिपक्याकडे बघा. रेघ वाकडी दिसली तर त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरकडे.

आठवणींची_मावशी:
भिंगवाले दादा डोळ्यांतच रमले, पण त्यांचं काम माझ्याही कामाचं आहे. डिमेन्शियाचे (विस्मरणाच्या आजाराचे, अल्झायमर त्यातलाच) टाळता येण्याजोगे धोके सांगणाऱ्या लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये यादी १४ वर नेली. नव्याने घातलेल्या दोनांपैकी एक म्हणजे उपचार न केलेली अधू दृष्टी (दुसरं, वाढलेलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल). तेव्हा मोतीबिंदू काढून देणं हाही मेंदूवरचाच खर्च समजा.

मदतीचे ३ लाख थेट घरांना देऊ नका. रुग्णाला सांभाळणाऱ्या बारा तासांच्या मावशींचे ब्युरोमार्फत दिवसाला ९०० धरले तर महिन्याला २७,०००, म्हणजे एकाच घराचे अकरा महिने. त्यापेक्षा डे केअरमध्ये आठवड्यातून दोन दिवसांच्या फिया आणि तिथवरची रिक्षा-टॅक्सी द्या. डे केअर असूनही घरचे नेत नाहीत, त्याचं कारण सहसा फी नसतं. आजोबा लोकलमध्ये चढत नाहीत, आणि सोडायला-आणायला दोन वेळा कोण जाणार, हा घोर असतो. पैसे न्यायच्या-आणायच्या माणसावर घाला.

त्याआधी निदान पक्कं करा. बी१२ आणि थायरॉइडची तपासणी न करता 'वयोमानाने होतंच' म्हणून सोडलेले बरेच असतात. ऐकू कमी येतंय का, तेही बघा. कुटुंब जुन्या करप्रणालीत असेल तर आयकराच्या ८०डीडीबी कलमाखाली उपचारखर्चावर ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत वजावट आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक लागतं आणि न्यूरॉलॉजिस्टचं लेखी पत्र.

आता संशोधनाचे ३ लाख. भारतात साठीपुढच्यांत ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, असा २०२३ चा अंदाज आहे. या पातळीवरचा पैसा मोठा असतो: बेंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चचा श्रीनिवासपुरातला अभ्यास १०,००० लोकांना वर्षानुवर्षं तपासायचा आहे. त्यात तुमचे ३ लाख दिसणारही नाहीत. पण छोट्या कामांत दिसतात. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) स्मृती आणि भाषा तपासायचा संच तयार केला, त्याच्या पहिल्या टप्प्यातल्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. मराठी नव्हती! चाचणी नुसती भाषांतरित करून भागत नाही. मराठीत यादी पाठ म्हणायला सांगितली तर शिकलेल्याचे किती गुण 'ठीक' आणि शाळेत न गेलेल्याचे किती, हे निरोगी माणसं तपासून ठरवावं लागतं. तपासनिसाचा पगार आणि निरोगी म्हातारी माणसं गोळा करणं, एवढाच त्याचा खर्च. ती माणसं तुमच्या संघात बसलेलीच आहेत.

दुसरी जागा प्रवासाची. पाठपुराव्याच्या अभ्यासात लोक गळतात ते तिसऱ्या-चौथ्या भेटीला, आणि गळणारे बहुधा जास्त आजारी असतात. मग राहिलेल्यांची आकडेवारी खोटी चांगली दिसते. विरार-बदलापूरहून दोघांच्या टॅक्सीचा भत्ता दिला तर अभ्यास वाचतो. मात्र तो भत्ता रुग्णालयाच्या नैतिकता समितीने मंजूर केलेला हवा, तुम्ही परस्पर पाकीट देऊ नका.

मुलुंडचा_सचिव:
मावशी, हे पटलं. संशोधकाशी बोलताना कागद कुठले मागायचे?

ताळेबंद:
नैतिकता समितीचं मंजुरीपत्र, चाचणी असेल तर सीटीआरआयचा (वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीचा) क्रमांक, आणि संस्थेच्या खात्याचा तपशील. चेक संस्थेच्या नावाने, डॉक्टरच्या किंवा विभागाच्या नावाने कधीच नाही. पालिका रुग्णालय असेल तर डीन कार्यालयामार्फत. प्रशासकीय खर्च म्हणून किती टक्के कापतात ते आधीच लिहून घ्या. ३ लाख दोन हप्त्यांत द्या, दुसरा हप्ता पहिल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रानंतर. काम वर्षभर लांबलं तर उरलेली रक्कम परत की पुढे, हेही पत्रातच.

आणि ठरावात 'मॅक्युलर डीजनरेशनसाठी नेत्रदान' असं काही येऊ देऊ नका, अशा संघांच्या ठरावांत ते हमखास घुसतं. नेत्रदानातून बुबुळ बसवतात, पडदा नाही.

भिंग_आणि_प्रकाश:
बरोबर. उलट मात्र चालतं: पडद्याचा आजार किंवा काचबिंदू असलेल्याचं बुबुळ चांगलं असेल तर घेतात. सहा तासांच्या आत कळवायचं, पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. डिमेन्शियाचं कारण माहीत नसेल तर नेत्रपेढी नाही म्हणू शकते, म्हणून ते फोनवरच सांगा.