पार्किंगपर्यंत पिस्तूल चालतं, मग दारातून आत का नाही?

कोपऱ्यातला (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींमध्ये सध्या एक पोस्ट फिरते आहे. तिचा मथितार्थ असा: "टेक्सासात २०२१ पासून परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. कंपनीच्या हँडबुकात शस्त्रबंदी लिहिली आहे म्हणून घाबरू नका. शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या घटनादुरुस्तीपुढे एचआर कोण लागून गेलं? शर्टाखाली ठेवा, कुणाला कळतंय!" खाली टाळ्याच टाळ्या. म्हणून हे लांबलचक लिहितोय.

दुसरी घटनादुरुस्ती सरकारचे हात बांधते, मालकाचे नाही. खासगी कंपनीला आपल्या इमारतीत पिस्तूल नको असेल तर तसं सांगायला ती टेक्सासातही मोकळी आहे. २०११ मध्ये कामगार कायद्यात आलेल्या कलम ५२.०६१ ने तिच्याकडून एवढंच काढून घेतलं: कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या, कुलूपबंद गाडीत, पार्किंगमध्ये कायदेशीरपणे ठेवलेल्या हत्याराला ती मनाई करू शकत नाही. कंपनीची गाडी असेल तर तेही नाही.

पोस्टवाल्याने पाटी आणि हँडबुक यांची खिचडी केली आहे. दारावर टेक्सासच्या दंडसंहितेतल्या कलम ३०.०६ ची पाटी असेल (इंग्रजी आणि स्पॅनिश, किमान एक इंच उंच अक्षरं, उठून दिसणारे रंग) आणि परवानाधारक लपवलेलं पिस्तूल घेऊन आत गेला, तर तो गुन्हा आहे. २०० डॉलरपर्यंत दंड. तोंडी सांगूनही बाहेर पडला नाही, तर थेट क्लास ए गुन्हा, म्हणजे तुरुंगाची शक्यता. उघड बाळगणाऱ्यांसाठी कलम ३०.०७, बिनपरवान्यांसाठी ३०.०५. पाटी नसेल आणि नुसतं हँडबुक मोडलं, तर पोलीस येत नाहीत, नोकरी जाते.

पण गंमत पुढे आहे. ३०.०६ ची सूचना कागदावर दिली तरी चालते. कायद्यातला तो मजकूर जसाच्या तसा हँडबुकात छापला असेल आणि त्यावर तुमची सही असेल, तर पाटी तुम्हाला मिळालेली आहे, दारावर असो वा नसो.

टेक्सासी ठेचा

कागदावर सगळं बरोबर. पण या नियमांनी सुरक्षितता वाढते हे कुणी सांगितलं? पिस्तूल कमरेला, चाप झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये, म्हणजे म्यानात, दिवसभर पडून असतं तेव्हा ते कुणालाच काही करत नाही. चुकून गोळी सुटते ती हाताळताना: काढताना, भरताना, रिकामं करताना, परत होल्स्टरमध्ये घालताना. "गाडीत ठेवा, आत आणू नका" या नियमाने एचआरने ही हाताळणी रोज दोनदा सक्तीची केली, तीही कुठे, तर ड्रायव्हरच्या सीटवर, स्टीअरिंग आणि पट्ट्याच्या अडचणीत. जॅकेटच्या नाडीचं प्लास्टिकचं टोक होल्स्टरात अडकतं, पिस्तूल खाली दाबलं की तेच चाप ओढतं. मांडीची धमनी तिथून फार लांब नसते.

काही शहाणे रोज सकाळी चेंबर, म्हणजे पिस्तुलातली काडतूस बसायची जागा, रिकामं करतात आणि संध्याकाळी तेच काडतूस परत चढवतात. पंधरा-वीस वेळा तेच काडतूस आपटलं की गोळी काडतुसाच्या आवरणात मागे सरकते, आतली जागा कमी होते, दाब वाढतो. असं काडतूस नव्याच्या शेजारी धरून पाहा, बुटकं झालेलं उघड्या डोळ्यांना दिसतं.

आणि पार्किंगमधून चोरी होते ती वेगळीच. कंपनीच्या नियमाने शहरातल्या चोरांची सोय केली.

एडिसनची एसटी

ठेचाभाऊ, रोग बरोबर ओळखलात, औषध उलटं दिलंत. हाताळणी नको ना? मग होल्स्टरमधून पिस्तूल उपसायचंच नाही. क्लिपचं होल्स्टर घ्या, होल्स्टरसकट कमरेवरून काढा, तसंच्या तसं पेटीत. चाप एकदाही उघडा पडत नाही. पेटीची पोलादी केबल सीटखालच्या रुळाला गुंडाळा, ग्लोव्ह बॉक्सला नको, तो स्क्रू ड्रायव्हरने निघतो. आणि हे सगळं घरून निघताना. पार्किंगमध्ये वाकून खुडबुड करणारा माणूस चोराला लांबूनच कळतो. मागच्या काचेवरचं बंदूक कंपनीचं स्टिकर आधी खरवडून काढा, ती तर जाहिरातच झाली.

आता आत आणल्यावर काय होतं ते बोलू. पिस्तूलवाला दिवसातून तीन-चार वेळा शौचालयात जातो. पँट खाली गेली की होल्स्टर ढिलं पडतं, शेजारच्या कप्प्यातून दिसतं. म्हणून लोक ते टाकीवर ठेवतात आणि विसरतात, किंवा चापाच्या कडीने दाराच्या हुकला टांगतात. हुकला! सगळं पँटीतच, गुडघ्यांच्या मध्ये राहू द्यायचं हा साधा नियम किती जणांना माहीत असतो?

हॉस्पिटलात काम करणाऱ्यांनी तर वादच घालू नये. २००० साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये एमआरआयच्या चुंबकाने पोलिसाचं .४५ पिस्तूल हातातून ओढून नेलं आणि भिंतीत गोळी सुटली, सेफ्टी लावलेली असताना. २०२३ मध्ये साओ पाउलोत आईबरोबर स्कॅनच्या खोलीत गेलेल्या वकिलाचं लपवलेलं पिस्तूल असंच उडालं, तो त्यात गेला. तिथे "माझा हक्क" चुंबकाला सांगा.

बिनपाण्याची

तुमच्या सगळ्यांच्या चर्चेत एअर कंडिशन्ड ऑफिसच का? रात्री दोनला पेट्रोल पंपाच्या दुकानात एकटा उभा असतो त्याचं काय? २०२२ मध्ये अमेरिकेत कामाच्या जागी ५२४ खून झाले. ते काय कॉन्फरन्स रूममध्ये? दुकानांच्या मोठ्या साखळ्यांचा नियम सरसकट: प्रतिकार करायचा नाही, गल्ला द्यायचा, हत्यार बाळगलं तर घरी. मालक विमा वाचवतो, जीव नोकराचा जातो.

कोपऱ्यातला

बिनपाण्याची, रात्रीच्या दुकानाचा मुद्दा खरा आहे, पण तिथेही पिस्तूल हा पहिला उपाय नाही. कामगार सुरक्षा खात्याच्या, म्हणजे ओशाच्या, १९९८ च्या शिफारशी आहेत: नोटा सरकवायची तिजोरी, जी कारकुनाला उघडता येत नाही, "गल्ल्यात थोडीच रोकड" अशी दर्शनी पाटी, खिडकीवरचे बिअरचे पोस्टर काढून काउंटर रस्त्यावरून दिसेल असं करणं, बाहेरचे दिवे, दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा, जमेल तिथे दोन माणसं. मालक यातलं काय करत नाही? दुसरा माणूस ठेवत नाही, कारण त्याला पगार द्यावा लागतो. भांडायचंच तर त्यावर भांडा.

बिनपाण्याची

शिफारशी आहेत, सक्ती नाही. हे तुम्हीच शेवटी लिहायला हवं होतं.

टेक्सासी ठेचा

+१. आणि एसटीताई, एमआरआय काढून आणलात! आम्ही काय पिस्तूल घेऊन स्कॅनरमध्ये झोपणार आहोत? एका टोकाच्या उदाहरणावरून साऱ्या देशाला नियम. कंपन्या अशाच अतिरेक करतात. ऑक्लाहोमात व्हॅलियंटच्या वेयरहाउझर कारखान्यात २००२ मध्ये अमली पदार्थ शोधायला कुत्री आणली, सापडल्या गाड्यांतल्या बंदुका, आणि कंत्राटदारांचे धरून १२ जण घरी. त्यावरूनच तिथे २००४ चा, गाडीत बंदूक ठेवू देणारा पार्किंग कायदा आला. कंपन्या कोर्टात गेल्या, म्हणे ओशाच्या कायद्याशी विसंगत. २००७ ला जिंकल्या, २००९ ला दहाव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने उलटवलं. म्हणजे "मालकाची जागा, मालकाची मर्जी" हे ब्रह्मवाक्य नाही.

एडिसनची एसटी

पार्किंगपुरतं नाही. दाराच्या आत आहेच. हाच तर धागा आहे!

फुकटचा सल्ला

पॉपकॉर्न खात वाचत होतो, पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. मूळ पोस्ट देशी लोकांत फिरते आहे. त्यातले निम्मेअधिक एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नोकरी-शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसांवर असणार. त्यांना ऑफिसच काय, घरीसुद्धा पिस्तूल ठेवता येत नाही. केंद्रीय कायदा, ९२२(जी)(५)(बी). एक गोळीसुद्धा नाही. २०२२ पासून शिक्षा १५ वर्षांपर्यंत. टेक्सासच्या बिनपरवाना कायद्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

टेक्सासी ठेचा

अर्धवट माहिती. शिकारीचा परवाना असेल तर अपवाद आहे. टेक्सासात रहिवाशाला २५ डॉलर. काढा आणि मोकळे व्हा.

फुकटचा सल्ला

"मोकळे व्हा" म्हणे! पुढचं वाचा. टेक्सासचा वार्षिक शिकार परवाना ३१ ऑगस्टला संपतो, तुम्ही कधीही काढलेला असो. जुलैत काढलात तरी १ सप्टेंबरच्या पहाटे तुम्ही केंद्रीय गुन्हेगार, पिस्तूल कपाटात झोपलेलं असताना. रहिवासी दर हवा तर सलग सहा महिने राज्यात राहिल्याचं दाखवा. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्मला असाल तर शिकारीला हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागतो. आणि हा अपवाद केंद्राच्या त्या एका कलमापुरता आहे. राज्याच्या अटी आणि कंपनीचं हँडबुक आपापल्या जागी उभेच.

अजून एक. कंपनीची टीम आउटिंग शूटिंग रेंजवर जाते, तेव्हा एच-१बीवाला भाड्याचं पिस्तूल हातात घेतो. कायद्याच्या नजरेत तोही ताबाच. रेंजच्या फॉर्मवर प्रश्न असतो, लोक न वाचता खूण करतात. आउटिंग ठरवणाऱ्या एचआरला हे ठाऊक नसतं, आणि तेच एचआर शस्त्रबंदीचे मेल पाठवतं.

बिनपाण्याची

आणि नवरा ग्रीन कार्डवर, बायको एच-१बीवर? पिस्तूल नवऱ्याच्या नावावर, पेटीचा कोड दोघांना माहीत?

फुकटचा सल्ला

कोड माहीत म्हणजे ताबा सिद्ध करायला सरकारी वकिलाला निम्मं काम झालेलं. कोड एकालाच ठाऊक हवा आणि किल्ली स्वयंपाकघराच्या खुंटीला नको. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या रेहाइफ निकालापासून आरोपीला स्वतःचा व्हिसाचा दर्जा ठाऊक होता हे सरकारला दाखवावं लागतं, पण व्हिसावर काम करणाऱ्याला आपला व्हिसा माहीत नाही असं कोण मानेल?

टेक्सासी ठेचा

अहो, किती घाबरवाल? ग्रीन कार्डवाल्यांना तरी सोडा.

फुकटचा सल्ला

नाही सोडत. ग्रीन कार्डधारकाला शस्त्र बाळगण्याच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं की देशाबाहेर काढण्याचं कारण तयार होतं, त्यासाठी गुन्हा मोठा असावा लागत नाही. २०० डॉलरचा दंड "भरून टाकू" म्हणून खिडकीवर भरायला जाऊ नका, आधी इमिग्रेशनचा वकील गाठा. मूळ पोस्टवाल्याने "कुणाला कळतंय" लिहिलं ना, ते नागरिकाला परवडतं.

एडिसनची एसटी

आणि राज्याची हद्द! पेन्सिल्व्हेनियाचं परमिट न्यू जर्सीत चालत नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका बाईने वाहतूक पोलिसाला प्रामाणिकपणे सांगितलं की परमिट आहे, पिस्तूल आहे. साडेतीन वर्षांची किमान कैद समोर उभी राहिली. २०१५ मध्ये गव्हर्नर क्रिस्टींनी माफी दिली म्हणून वाचली. रोज पूल ओलांडून कामाला येणाऱ्यांनी हे फ्रिजवर चिकटवावं.

टेक्सासी ठेचा

न्यू जर्सीचं न्यू जर्सीत ठेवा. तिथे पेट्रोलसुद्धा स्वतः भरता येत नाही.

एडिसनची एसटी

म्हणूनच निदान पंपावर दुसरा माणूस असतो.

बिनपाण्याची

हा टोला आवडला, पण माझा मुद्दा चोरून मारलाय.

कोपऱ्यातला

मंडळी, विषय हँडबुक होता. ठेचा, एवढं तरी बोला: परवाना न काढता पिस्तूल बाळगणाऱ्याने ऑफिसला जाताना शाळेपासून १००० फुटांच्या आतल्या रस्त्यावरून भरलेलं पिस्तूल नेलं तर? शाळांभोवती शस्त्रबंदी करणाऱ्या केंद्रीय कायद्यात सूट राज्याच्या परवानाधारकाला आहे, बिनपरवान्याला नाही. शहरात अशी शाळा नसलेला रस्ता दाखवा.

टेक्सासी ठेचा

हं. परवाना काढावा, हे मान्य. ३१ ऑगस्टचाही मुद्दा मान्य, कॅलेंडरवर कुंकू लावून ठेवतो. पण ऑफिसची बंदी शहाणपणाची आहे हे मरेपर्यंत मानणार नाही. कंपनी पिस्तूल काढून घेते, तर दाराशी पहारेकरी द्यावा. मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं की पार्किंग कायद्याविरुद्ध काढून टाकलेल्याला दावा लावता येतो. आतल्या बाजूलाही कधीतरी येईल.

फुकटचा सल्ला

येईल तेव्हा येईल. सध्या तुमच्या हँडबुकात ३०.०६ चा मजकूर आहे का, ते बघितलंत का?

टेक्सासी ठेचा

आत्ता बघितलं. पान ४१. अक्षर न अक्षर. खाली माझी सही.