हिला ऐकू कमी येतं, तरी नाटकाला न्यायचंय. कुठे बसावं?

रामबागकर
नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, राहणं रामबागेत. लग्न झाल्यापासून आमचा दोघांचा कार्यक्रम ठरलेला: सानंद या इथल्या संस्थेचं नाटक, मध्यंतरात चहा, नाटक सुटलं की सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत, भुट्ट्याचा कीस, थंडी असेल तर गराडू (तळलेला कंद). घरी पोचेपर्यंत कोणाचं काम कसं झालं यावर वाद. नाटकाची आवड मुळात हिची. नटाने जागा कुठे घेतली, वाक्य कुठे सोडलं, हे तिनेच मला बघायला शिकवलं.

अलीकडे तिला ऐकू कमी येतं. दोन्ही कानांत मशीन आहे, घरात छान चालतं. पण मागच्या नाटकाला सगळे हसले की ती माझ्याकडे बघायची. मी कानात सांगेपर्यंत पुढची वाक्यं निघून जायची. मध्यंतरानंतर तिने मशीन काढून पर्समध्ये ठेवलं. आता म्हणते, "तुम्ही बघून या, मला गोष्ट सांगा." मला एकट्याला नाटक बघायचं नाही. तिच्याशिवाय ते अर्धंच दिसतं.

पुढच्या महिन्यात सानंदच्या सभासदांपैकी आमच्या समूहासाठी प्रयोग आहे. कितव्या रांगेत बसावं? मशीनमध्ये काही करता येतं का? कोणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

विंगेतला
काका, मी हौशी नाटकांना साउंड बघतो. अगदी पहिली रांग नको. तिथे मान वर करून बसावं लागतं आणि स्पीकरचा आवाज बहुतेक वेळा डोक्यावरून मागे जातो. तिसरी ते पाचवी रांग, मधल्या भागात. कडेला बसलात तर एकाच बाजूचा स्पीकर कानावर आदळतो आणि नटाचा चेहराही अर्धा वेळ पाठमोरा. मागे तर बसूच नका: अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो आणि भिंतींवरून परतलेला आवाज त्याच्यावर चढतो. शब्द पुसट होतात ते त्यामुळे.

नाटकही निवडून घ्या. दोन-तीन पात्रांचं, एका दिवाणखान्यात घडणारं नाटक सोपं जाईल. संवादाखाली सतत संगीत वाजत असेल तर चांगल्या कानांनाही त्रास होतो.

ऑडिओ_माळवा
मी याच क्षेत्रात काम करते. वयाने येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ ही व्यंजनं त्यातलीच. म्हणून काकूंना नट बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. नुसता आवाज वाढवून उपयोग नाही.

मशीन जिथून घेतलं तिथे प्रयोगाच्या आधी जा आणि "नाट्यगृहासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवून द्या" असं स्पष्ट सांगा. बऱ्याच डिजिटल मशीनमध्ये ती सोय असते. समोरचा आवाज जास्त घ्यायचा, मागचा-बाजूचा कमी. रिमोट माइक नावाची छोटी डबीही मिळते. तिच्यातला आवाज थेट मशीनमध्ये येतो, आणि काही डब्यांना साउंडच्या मिक्सरमधून वायर जोडता येते. किंमत बरीच आहे, त्यामुळे आधी नुसती वापरून बघायला मागा. आणि बॅटरी त्या दिवशी नवी घाला.

तिसरी_घंटा
भाऊ, मी स्वतः मशीन लावते आणि नाटकं बघते, म्हणून हक्काने सांगते. कानात सांगणं आधी बंद करा. तुम्ही प्रेमाने सांगता, पण तेवढ्यात रंगमंचावरून नजर हलते, आणि आम्ही निम्मं ओठांवरूनच ऐकत असतो. शिवाय आजूबाजूचे वळून बघतात. मशीन पर्समध्ये जातं ते त्यामुळेच.

त्यापेक्षा आधी वाचा. जुन्या नाटकांची पुस्तकं मिळतात. आठवडाभर रोज थोडं थोडं, दोघांनी पात्रं वाटून घेऊन मोठ्याने वाचा. नाव, नातं, गाव डोक्यात असलं की निम्मा शब्द ऐकू आला तरी पुरा लागतो. नाटक नवं असलं आणि पुस्तक नसलं, तर निदान कथानक आणि पात्रांची नावं आधी माहीत करून घ्या. वहिनींची समज तुम्ही लिहिलीये तशी असेल, तर बाकीचं त्या हालचालीवरून पकडतील. त्यांना ऐकू कमी येतं, बघता पूर्वीइतकंच येतं.

अजून एक. संध्याकाळच्या प्रयोगापर्यंत आमचे कान थकतात. दिवसभर लक्ष देऊन ऐकण्याची मेहनत असते ती. सकाळचा प्रयोग मिळत असेल तर जरूर बघा.

रामबागकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं उत्तर हिला वाचायला दिलं. तिने दोनदा वाचलं आणि म्हणाली, "कानात सांगण्याचं तर मी कधीची सांगणार होते." पण सकाळचा प्रयोग तिला नको, कारण मग सराफा राहतो. दुपारी झोप काढून संध्याकाळीच जायचं ठरलंय. मशीनवाल्यांकडे परवाची वेळ घेतली आहे.

विंगेतले, ती मिक्सरची वायर कोणाला विचारून लावायची? आयोजकांना की नाटकाच्या मंडळींना?

विंगेतला
दोघांनाही, काका. आयोजकांच्या कार्यकर्त्यांना आठवडाभर आधी फोन करा. प्रयोगाच्या दिवशी तासभर आधी पोचा आणि नाटकाबरोबर आलेल्या साउंडवाल्याला भेटा. पहिली घंटा झाल्यावर तो कोणाशी बोलत नाही. मिक्सर बहुधा सभागृहाच्या मागच्या टोकाला असतो, तेव्हा डबीची रेंज तुमच्या रांगेपर्यंत पोचते का ते काकूंना खुर्चीत बसवून तेव्हाच तपासा. नाही पोचली तर डबी विसरा, चौथी रांग धरा.